नको ते मेसेज थांबवायचे, हवे ते चुकवायचे नाहीत

पावसाळ्यात सांगलीत फोन सायलेंट ठेवून भागत नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं, की नदीकाठच्या गल्ल्यांत मेसेज वाजला रे वाजला की माणूस फोन हातात घेतो. उघडून बघावं तर ‘अभिनंदन! आपले पाच लाखांचे कर्ज मंजूर’. त्याखाली रमी, त्याखाली प्लॉट, त्याखाली गुडघेदुखीचं तेल.

माझं मार्केट यार्डाजवळ रिचार्ज-दुरुस्तीचं दुकान आहे. हळदीच्या, बेदाण्याच्या सौद्याला आलेली माणसं जाता जाता फोन पुढे करतात आणि म्हणतात, “हे सगळं बंद करून टाक.” सगळं बंद करता येत नाही, आणि करूही नये. ऊसबिल खात्यावर जमा झाल्याचा मेसेज, ओटीपी, गॅस सिलिंडरचा कोड, पोराच्या कॉलेजचा निरोप, हे सगळं त्याच वाटेने येतं. बहुतेक जण थेट ब्लॉक करायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी नंबर बदलून तोच मेसेज हजर होतो. म्हणून माझा क्रम असा: आधी ओळखा, मग बंद करा, मग तक्रार करा.

पहिली पायरी : पाठवणारा कोण ते वाचा

मेसेजचा मजकूर नंतर वाचायचा. आधी वरचं नाव बघायचं. बँका, कंपन्या, सरकारी खाती यांना मोठ्या संख्येने मेसेज पाठवायचे असतील तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे नोंदणी करून एक ठरलेलं नाव घ्यावं लागतं. मेसेजच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांचा जो तुकडा दिसतो, तेच ते नाव. सुरुवातीची दोन अक्षरं मोबाइल कंपनी आणि विभाग सांगतात, ती बदलत राहतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मधला भाग पाठवणाऱ्या संस्थेचा. आणि शेवटी छोटी रेघ मारून एक अक्षर असतं, ते सगळ्यात कामाचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियमांत दुरुस्ती केली, त्यात हे अक्षर ठरलं. पी म्हणजे जाहिरात. एस म्हणजे तुम्ही घेतलेल्या सेवेची माहिती. टी म्हणजे व्यवहार, ओटीपी वगैरे. जी म्हणजे सरकारी.

मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला असेल आणि आत ‘बँक’, ‘वीज’, ‘पेन्शन’, ‘चलन’ असलं काही लिहिलेलं असेल, तर तिथेच शंका घ्यायची. तुमची बँक तुम्हाला कुणा एकाच्या खासगी नंबरवरून मेसेज करत नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त दाखवायला आणतात तो लाईटबिलाचा मेसेज. तासगावकडचे एक तात्या परवा फोन घेऊन आले. मेसेज असा: ‘प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल. ताबडतोब आमच्या अधिकाऱ्यास फोन करा.’ खाली दहा आकडी नंबर. तात्यांचा प्रश्न बिनतोड होता: “रात्री साडेनऊला लाईटवाले येतात व्हय रं? दिवसा बोलवून येत न्हाईत!”

त्यांच्याच फोनमध्ये महावितरणचा खरा मेसेजही होता. दोन्ही शेजारी ठेवले. खऱ्याच्या डोक्यावर मधला शब्द एमएसईडीसीएल, हे महावितरणचंच इंग्रजी लघुनाव. आत बारा आकडी ग्राहक क्रमांक, बिलाची रक्कम, भरायची शेवटची तारीख. खोट्यात यातलं काहीच नाही, कारण पाठवणाऱ्याला तात्यांचा ग्राहक क्रमांक माहीतच नाही. त्याच्याकडे फक्त नंबरांची यादी आहे. शिवाय थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे आधी पूर्ण १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ हा शब्दच खोटा. शंका राहिलीच तर ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या ॲपमध्ये बिल बघा किंवा जवळच्या कार्यालयात जा. मेसेजमधल्या नंबरवर मात्र फोन करू नका.

फोन कॉललाही हीच नजर लावता येते. नोंदणी केलेले जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतात. बँकेसारख्या संस्थांच्या सेवेच्या आणि व्यवहाराच्या कॉलसाठी १६०० ची मालिका दिलेली आहे.

दुसरी पायरी : १९०९ वर नोंद करा

ज्या सिमवर जाहिराती येतात त्याच सिमवरून १९०९ या नंबरला मेसेज पाठवायचा. मजकूर इंग्रजी अक्षरांत: स्टार्ट, मग एक जागा सोडून शून्य. याला पैसे पडत नाहीत. फोन करूनही नोंद होते, १९०९ लावायचा आणि सांगतील ते बटण दाबायचं. दोन सिम असतील तर दोन्हींवरून वेगवेगळं करावं लागतं, हे बरेच जण विसरतात आणि मग “नोंद करूनही येतातच की” म्हणतात. नोंद झाल्याचा उलट मेसेज येतो, तो पुसू नका.

शून्य पाठवलं म्हणजे सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद. निवडून बंद करायच्या असतील तर मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये डीएनडी (म्हणजे ‘त्रास देऊ नका’) नावाचा भाग उघडा. तिथे बँक-विमा, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं, दळणवळण-मनोरंजन, पर्यटन, खाद्यपदार्थ असे आठ गट दिसतात. दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर काही जण शिक्षणाचा गट चालू ठेवतात. माझं मत विचाराल तर सगळं बंद करा. क्लासवाल्यांचे फलक विश्रामबागेत चौकाचौकात लागलेलेच असतात, मेसेजवाचून कुणाचा प्रवेश अडत नाही.

आता नोंदणीने काय होत नाही तेही सांगतो, कारण निराशा इथेच होते. एस, टी आणि जी वाले मेसेज चालूच राहतात, ते राहायलाच हवेत. दहा आकडी खासगी नंबरवरून बेकायदा पाठवणाऱ्याला तुमच्या नोंदणीचं काही देणंघेणं नसतं. व्हॉट्सॲपवर ही नोंदणी चालत नाही. आणि ज्याला तुम्ही स्वतः संमती दिली आहे त्याचे मेसेज येत राहतात.

ही संमती कधी दिली ते आठवतही नाही. कपड्याच्या दुकानात बिल करताना “नंबर सांगा सर” म्हणतात, आपण सांगतो. कृषी प्रदर्शनात ठिबकच्या स्टॉलवर ‘भाग्यवान सोडत’ म्हणून चिठ्ठी भरतो, त्यात नाव, गाव, एकर, पीक, नंबर, सगळं. मग वर्षभर खताचे, औषधाचे, ट्रॅक्टरच्या कर्जाचे मेसेज. बिलासाठी नंबर द्यायची सक्ती नसते, “नंबर नको, कागदी बिल द्या” असं सांगितलं की देतात. ज्या नोंदणीकृत कंपनीची जाहिरात नको असेल तिच्या मेसेजमध्ये बंद करण्याची सोय दिलेली असते, ती वापरा. पण हे फक्त नाव असलेल्या मेसेजसाठी. अनोळखी दहा आकडी नंबरला ‘स्टॉप’, ‘नको’, ‘कोण तुम्ही’ असं काहीही उत्तर देऊ नका. शिवीसुद्धा नको. तुमचं उत्तर गेलं की हा नंबर चालू आहे आणि समोर माणूस वाचतो आहे, एवढं त्याला कळतं, आणि त्याला तेवढंच हवं असतं.

तिसरी पायरी : तक्रार, आणि ती सात दिवसांत

ब्लॉक केल्याने तो नंबर फक्त तुमच्या फोनपुरता गप्प होतो. तक्रारीने त्याची लाईन तुटू शकते. २०२५ च्या दुरुस्तीनंतर मेसेज किंवा कॉल आल्यापासून सात दिवसांपर्यंत तक्रार करता येते, आधी ही मुदत तीनच दिवस होती. डीएनडीची नोंद केलेली नसली तरी बेकायदा पाठवणाऱ्याविरुद्ध तक्रार घेतात.

पद्धत सोपी आहे. आलेला मेसेज कॉपी करा, नवा मेसेज उघडून तिथे चिकटवा, मग स्वल्पविराम, पाठवणाऱ्याचा नंबर किंवा नाव, पुन्हा स्वल्पविराम, आणि आल्याची तारीख दिवस-महिना-वर्ष अशी. हे १९०९ ला पाठवा. कॉपी-पेस्टची कटकट वाटत असेल तर ट्रायचं डीएनडी ॲप घ्या, त्यात मेसेज निवडून तक्रार करता येते. जिओ, एअरटेल, व्हीआय यांच्या स्वतःच्या ॲपमध्येही ही सोय आहे. तक्रार क्रमांक येतो.

“एकट्याने करून काय होणार?” असं लोक म्हणतात. नियम बघा: एका पाठवणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कंपनीला त्याच्यावर पावलं उचलावी लागतात. आधी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या. पहिल्या वेळी दोष सिद्ध झाला तर त्याच्याकडून बाहेर जाणारे कॉल-मेसेज १५ दिवस बंद, पुन्हा केलं तर सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या लाईनी वर्षभरासाठी बंद. प्लॉटवाल्याचा एकच मेसेज अख्ख्या गल्लीला आलेला असतो. गणपती मंडळाच्या ग्रुपवर ‘शुभ सकाळ’ टाकणाऱ्या पाच जणांनी मिळून तेवढ्या पाच तक्रारी टाकल्या तरी काम होतं.

फसवणूक असेल तर रस्ता वेगळा

गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आणि ‘केवायसी संपली, लिंक दाबा’ या दोन गोष्टी एक नव्हेत. दुसरीसाठी दूरसंचार विभागाचं संचार साथी संकेतस्थळ आणि त्याच नावाचं ॲप आहे. त्यात ‘चक्षू’ नावाचा भाग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. मेसेज, कॉल किंवा व्हॉट्सॲपवर कुणी फसवायचा प्रयत्न केला, पण पैसे गेलेले नाहीत, तर तिथे नंबर, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट देऊन कळवायचं.

पैसे गेले असतील तर चक्षूत वेळ घालवू नका. ताबडतोब १९३० लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. खात्यातून गेलेले पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत अडवता आले तर अडवतात, म्हणून मिनिटं महत्त्वाची. बँकेचा व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ हे जवळ ठेवा. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर लेखी तक्रार करा आणि बँकेला कळवा. आधी भावकीला विचारू, मग मुलाला पुण्याला फोन करू, मग उद्या बँक उघडली की बघू, असं करण्यात पैसे जातात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत नावाच्या मेसेजमध्ये आधी मंजूर करून घेतलेलीच लिंक घालता येते. त्यामुळे खोट्या लिंकवाल्यांनी आपला मुक्काम साध्या नंबरांवर आणि व्हॉट्सॲपवर हलवलेला दिसतो. त्याकडे आता येतो.

चौथी पायरी : व्हॉट्सॲप, आणि लग्नपत्रिका नसलेली लग्नपत्रिका

इथे जरा थांबून वाचा. लग्नसराईत ओळखीच्या नंबरवरून ‘आमच्या घरच्या लग्नाला यायचं हं’ असा मेसेज येतो, खाली पत्रिकेची फाइल. फाइलचं नाव नीट बघा. पत्रिका फोटो असेल तर नावाच्या शेवटी जेपीजी असतं, कागद असेल तर पीडीएफ. शेवटी एपीके ही तीन अक्षरं असतील तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. वाहतूक चलन, पीएम किसान, बँकेची केवायसी, अशा नावांनीही हेच फिरतं.

ते दाबलं की फोन आधी विचारतो: अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप बसवू का? पत्रिका बघायच्या घाईत माणूस ‘हो’ म्हणतो. मग ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, तिलाही ‘हो’. आता तुमचे ओटीपी तुमच्याआधी दुसऱ्याला दिसतात, आणि तुमच्या व्हॉट्सॲपवरून तीच ‘पत्रिका’ तुमच्या पाहुण्यांना जाते. म्हणून ‘ओळखीच्या नंबरवरून आली होती’ याला काही अर्थ उरत नाही. त्या ओळखीच्या माणसाचाही फोन आधीच गेलेला असतो.

दाबलंच गेलं असेल तर हे करा. इंटरनेट आणि सिम दोन्ही बंद होतील असा विमान मोड लावा. सेटिंगमध्ये ॲपची यादी उघडून नवं आलेलं ॲप काढून टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवा. ॲप निघत नसेल तर महत्त्वाचे फोटो बाजूला काढून फोन पूर्ण रिसेट करा किंवा दुकानात घेऊन जा, पण तोवर सिम त्यात ठेवू नका.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी आजच करा. प्रायव्हसीत जाऊन ग्रुपसमोर ‘माझे संपर्क’ निवडा, म्हणजे शेअर बाजाराच्या टिपवाले तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये ओढणार नाहीत. तिथेच कॉलमध्ये अनोळखी कॉलचा आवाज बंद करण्याचं बटण आहे. आणि स्टोरेजच्या भागात फोटो-फाइल आपोआप उतरणं बंद करा. एखाद्या अनोळखी नंबरने त्रास दिला तर नुसतं ब्लॉक न करता रिपोर्ट आणि ब्लॉक दोन्ही करा. रिपोर्ट केलं की त्या माणसाचे तुम्हाला आलेले शेवटचे काही मेसेज व्हॉट्सॲपकडे तपासायला जातात.

पाचवी पायरी : फोनची स्वतःची चाळण

अँड्रॉइडवर गुगलचं मेसेजेस ॲप असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये स्पॅम संरक्षण नावाचं बटण आहे, ते चालू ठेवा. नको असलेल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की ब्लॉक करण्याची आणि स्पॅम म्हणून कळवण्याची खूण येते. याच ॲपमध्ये आरसीएस नावाने, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या मेसेजच्या सोयीतून, चित्रांसकट मोठमोठ्या जाहिराती येतात. तुम्ही आरसीएस गप्पांसाठी वापरत नसाल तर ते सेटिंगमधून बंद करा, निम्मी डोकेदुखी जाते. आयफोनमध्ये मेसेजच्या सेटिंगमध्ये अनोळखी पाठवणारे वेगळे करण्याची सोय आहे.

एक सवय लावा: आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा उघडून वरून नजर फिरवा. चाळण कधी कधी खरा मेसेजही तिकडे टाकते. मेसेजेसच्या आवाजाचं बटण सरसकट बंद करणं तर आपल्या गावात परवडणारं नाही, आणि आपत्तीच्या वेळी मोठ्या भोंग्यासारखा वाजणारा सरकारी इशारा फोनमध्ये चालूच ठेवा.

बटणाच्या फोनवर स्क्रीनवर मध्येच जाहिरात उगवते आणि ‘ओके’ दाबलं की पैसे कापले जातात, ही तक्रार अजून येते. फोनच्या मेनूत सिमच्या नावाचा एक भाग असतो. त्यात जाऊन जाहिरात दाखवणाऱ्या त्या सेवेचं चालू-बंद शोधा आणि बंद करा. कॉलरट्यून, ज्योतिष, क्रिकेट असली एखादी सेवा लागून पैसे कापले जात असतील तर १५५२२३ वर फोन करून ती काढता येते.

नवं सिम घेतलेल्यांसाठी

नव्या नंबरवर पहिल्याच आठवड्यात कुणा दुसऱ्याच्या नावाने कर्जवसुलीचे मेसेज आले तर घाबरू नका. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी पुन्हा दुसऱ्याला देतात, आणि जुन्या मालकाची नोंद बँकांकडे तशीच राहिलेली असते. त्या संस्थेच्या अधिकृत नंबरवर एकदा कळवा की हा नंबर आता माझा आहे. मेसेजमधल्या लिंकवरून नव्हे. त्याच बैठकीत संचार साथीवर जाऊन आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघून घ्या. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ चालतात, आणि न घेतलेलं एखादं दिसलं तर तिथूनच ‘माझं नाही’ म्हणून कळवता येतं.

घरात पेन्शनवाले असतील तर नोव्हेंबर महिन्यात जास्त जपा. तेव्हा हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि ‘दाखला घरबसल्या करून देतो, ओटीपी सांगा’ असे फोन याच महिन्यात वाढतात. दाखला बँकेत, पोस्टात किंवा जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून होतो, त्यासाठी फोनवर कुणालाही ओटीपी सांगावा लागत नाही. आई-वडिलांच्या फोनमध्ये १९३० हा नंबर ‘पैसे गेले’ या नावाने सेव्ह करून ठेवा, आणि तो कुठे आहे ते त्यांच्याकडून एकदा शोधून घ्या.